वेतन आणि निक्षेप

आपल्या प्राचीन धर्मशास्त्रकारांनीं राजाच्या न्यायसभेपुढें येणाऱ्या तंट्यांचे अठरा वर्ग केलेले आहेत व त्यांस 'व्यवहारपदें' अशी संज्ञा दिली आहे. या अठरांत 'वेतनादान', म्हणजे ठरलेलें वेतन न देण्याविषयींचा तंटा, हें एक पद आहे. आणि 'निक्षेप', म्हणजे विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या ठेवीविषयींचा तंटा, हें दुसरें एक पद आहे. चाकरानें काम केलें आणि धन्यानें पैसा दिला नाहीं, तर तें भांडण पहिल्या सदरांत पडतें. यात्रेस जातांना शेजाऱ्याच्या घरीं ठेवलेली पेटी परत आल्यावर रिती किंवा मोडलेली निघाली, तर तें दुसऱ्या सदरांत पडतें. शास्त्रकारांनीं हीं दोन पदें निरनिराळीं ठेविलीं आणि आपणहि तीं तशींच ठेवीत आलों आहों. चाकरीचा प्रश्न निघाला कीं काम किती, वेळ किती आणि पैसा किती, एवढ्याच तीन रकमांचा मेळ आपण घालतों. आणि तो जमला म्हणजे धनी व चाकर परस्परांच्या ऋणांतून मुक्त झाले असें समजतों.

ही समजूत पुरी आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. कामावर जातांना हात आणि विद्या तेवढी बरोबर घ्यावी आणि मन घरीं खुंटीला टांगून ठेवावें, असें कोणासहि करितां येत नाहीं. मनुष्याचा धीर, त्याचा स्वाभिमान, त्याची उमेद, रात्रीं झोंप येण्याइतकी त्याची स्वस्थता, हीं सर्व त्याच्याबरोबर कचेरीचा उंबरठा ओलांडतात आणि दिवसांतील आठ-दहा तास दुसऱ्याच्या सत्तेखालीं राहतात. संध्याकाळीं तीं त्याला जशींच्या तशीं परत मिळतात कीं नाहीं, याचा जाब कोणीं द्यावयाचा? पगारपत्रकांत त्यांची नोंद नसते. म्हणून तीं विकलीं गेलीं असें म्हणावें, कीं केवळ विश्वासानें स्वाधीन केलीं असें म्हणावें? विकलीं असतील तर धन्यानें त्यांचें वाटेल तें करावें; स्वाधीन केलीं असतील तर तो निक्षेपधारी ठरतो, आणि ठेव सांभाळण्याचें कर्तव्य त्याच्या गळ्यांत पडतें. आमच्या मतें दुसरा पक्ष खरा आहे. आणि गेल्या साठ वर्षांत वैद्यकाच्या व मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीं जो पुरावा गोळा केला आहे तो याच पक्षाला बळकटी देणारा आहे.

शरीराच्या बाबतींत हा वाद एकदां होऊन गेला आहे. विलायतेंत १८३३ च्या कायद्यानें कारखान्यांवर प्रथम सरकारी तपासनीस नेमले गेले. आपल्याकडे कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ सालीं झाला. अगदीं लहान मुलांना कामावर घेऊं नये, त्यांहून मोठ्या मुलांचे तास मर्यादित असावे आणि घातक यंत्रांभोवतीं कुंपण असावें, यांपलीकडे त्याची मजल फारशी गेली नव्हती. मुंबईच्या गिरणी-कामगारांना आठवड्यांतून एक दिवस विसावा मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून खटपट केली, तेव्हां कोठें १८९० सालीं रविवारची सुटी पदरांत पडली. त्या काळीं मालकवर्गाकडून मिळणारें ठराविक उत्तर असें असे कीं, मजूर आपखुषीनें येतो. ज्याला झेंपत नसेल त्यानें येऊं नये. आज हें उत्तर उघड्या चाकाच्या समर्थनार्थ कोणी देऊं धजणार नाहीं. पट्ट्यांत सांपडून हात तुटला तर 'करार त्याच्या संमतीनेंच झाला होता' असें म्हणून मालकास सुटतां येत नाहीं, हें सर्वांस मान्य झालें आहे. म्हणजे हाताच्या बाबतींत निक्षेपाचें तत्त्व आपण स्वीकारलें. मजुराचें काम आपण विकत घेतों, त्याचा हात विकत घेत नाहीं. मनाच्या बाबतींत तेंच तत्त्व स्वीकारण्यास आपण कचरतों, याचें कारण तत्त्वांत नसून दृष्टींत आहे. तुटलेल्या हातांतून रक्त वाहतें. तुटलेलें मन दुसऱ्या दिवशीं वेळेवर कामाला हजर होतें.

या अदृश्य जखमेला दृश्य रूप देण्याचें मोठें श्रेय लंडन येथील एका संशोधनास आहे. व्हाइटहॉल या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सरकारी कचेऱ्यांतील सुमारें अठरा हजार पुरुष नोकरांच्या प्रकृतीची पाहणी १९६७ सालापासून सुरू झाली. हे बहुतेक लोक टेबलाशीं बसून काम करणारे होते. त्यांत कोणी अन्नाला महाग नव्हता, कोणी धुरांत किंवा खाणींत राबत नव्हता, आणि वैद्यकीय मदत सर्वांना सारखीच उपलब्ध होती. मोठ्या हुद्द्यावरील अधिकाऱ्याच्या डोक्यावर राज्यकारभाराची काळजी, म्हणून हृदयाचा विकार त्यालाच अधिक होत असणार, ही लोकांची समजूत. परंतु आंकडे उलट बोलले. दहा वर्षांच्या अवधींत सर्वांत खालच्या श्रेणींतील नोकरांचें मृत्युप्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारें तिप्पट भरलें. आणि ही तफावत केवळ दोन टोंकांत नव्हती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर, वरच्याहून खालचा अधिक धोक्यांत, असा तो क्रम होता. धूम्रपान, रक्ताचा दाब इत्यादि कारणें हिशेबांत धरूनहि या तफावतीचा बराच भाग उरला.

मग उरलेल्या भागाचें कारण काय? त्याच्या शोधासाठीं १९८५ सालीं दुसरी पाहणी आरंभिली गेली. तींत दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष नोकर घेतले होते, आणि मायकेल मार्मट हे तिचे प्रमुख होते. या पाहणीवरून १९९७ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो मनन करण्याजोगा आहे. हृदयविकाराच्या बाबतींत वरच्या व खालच्या श्रेणींत जें अंतर पडतें, त्याचा सर्वांत मोठा वांटा आपल्या कामावर आपला ताबा नसणें या एका गोष्टीकडे जातो, असें दिसून आलें. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन अभ्यासकानें १९७९ सालींच असें प्रतिपादन केलें होतें कीं, नुसतें काम जड असल्यानें मनुष्य मोडत नाहीं. काम जड आणि तें कसें करावें हें ठरविण्याची मुभा मुळींच नाहीं, या दोहोंचा योग झाला म्हणजे तो मोडतो. पुढें १९९६ सालीं योहानेस सीग्रिस्ट या पंडितानें त्यास आणखी एक जोड दिली: श्रम आणि त्यांचा मोबदला यांचा मेळ नसणें हेंहि विषासारखें आहे, आणि मोबदला म्हणजे केवळ पैसा नव्हे, मान आणि स्थैर्य हींहि त्यांत येतात.

आमच्या शेतकऱ्यांना यांतील मर्म नवीन वाटूं नये. ओझ्यानें बैल थकतो. पण थकलेला बैल रात्रीच्या चाऱ्यानें व विश्रांतीनें सकाळीं पुन्हां उभा राहतो. उगाच वेसण खेंचीत राहिलें म्हणजे मात्र तो हलकें ओझेंहि ओढीनासा होतो. कष्ट आणि कुचंबणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांनीं आयुष्यभर अतोनात कष्ट केले आणि तरीहि प्रसन्न राहिले अशीं माणसें आपण पाहतों. त्यांच्या प्रसन्नतेचें रहस्य बहुधा हें असतें कीं, तें काम त्यांचें स्वतःचें होतें आणि त्यांच्या शब्दाला तेथें किंमत होती. याच्या उलट, दोन ओळींचें पत्रहि वरिष्ठाच्या सहीवांचून ज्याला धाडतां येत नाहीं, आणि चूक झाली तर मात्र ज्याच्याच डोक्यावर खापर फुटतें, असा कारकून दिवसभर सावलींत बसूनहि उन्हांत राबणाऱ्याहून अधिक झिजतो.

येथपर्यंत प्रश्न चाकराच्या हिताचा झाला. परंतु मनाची ठेव बिघडली म्हणजे नुकसान एकट्या चाकराचें होत नाहीं. एमी एडमंडसन या विदुषीनें अमेरिकेंतील दोन रुग्णालयांच्या आठ विभागांत औषध देण्यांत होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला व तो १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. जेथील प्रमुख चांगला आणि जेथील लोक एकदिलानें वागणारे, तेथें चुका थोड्या असाव्या, ही अपेक्षा साहजिक होती. पण अशाच विभागांत नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या! चांगलीं माणसें अधिक चुकतात असा याचा अर्थ करावा काय? बारकाईनें पाहतां उलगडा झाला तो असा कीं, त्या विभागांत चुका अधिक होत होत्या असें नव्हे, तर त्या अधिक सांगितल्या जात होत्या. जेथें परिचारिकेला चूक कबूल करतांच सर्वांदेखत खरडपट्टी मिळे, तेथें कागद स्वच्छ राही आणि रोग्याला काय झालें तें रोग्यालाच ठाऊक. याच विदुषीनें पुढें १९९९ सालीं एका कारखानदारी कंपनींतील ५१ गटांचा अभ्यास करून 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना मांडली. प्रश्न विचारल्यानें, शंका काढल्यानें किंवा चूक पदरांत घेतल्यानें आपली मानहानि होणार नाहीं, असा एकत्र काम करणाऱ्या सर्वांचा सामाईक विश्वास, असा तिचा थोडक्यांत अर्थ. जेथें हा विश्वास होता तेथें लोक अधिक शिकत होते, आणि शिकत होते म्हणून कामहि अधिक चांगलें करीत होते.

भीतीनें वरिष्ठाचे कानच बंद होतात, याचें याहून भयंकर उदाहरण २७ मार्च १९७७ रोजीं टेनेरीफ बेटावर घडलें. त्या दिवशीं दाट धुकें पडलें असतां केएलएम कंपनीचें एक प्रचंड विमान धांवपट्टीच्या एका टोंकास उड्डाणाच्या तयारींत होतें, आणि त्याच पट्टीवर पॅन अमेरिकन कंपनीचें तसेंच दुसरें विमान समोरून येत होतें. केएलएमचा कप्तान हा त्या कंपनींतील अत्यंत मान्यवर वैमानिक. इतर वैमानिकांना शिकविणाऱ्यांचा तो प्रमुख, आणि कंपनीच्या जाहिरातींत त्याचें छायाचित्र झळकत असे. उड्डाणाची परवानगी अद्याप मिळालेली नाहीं, हें एकदां त्याच्या सहवैमानिकानें त्याला दाखवून दिलें. परवानगीचा घोळ मिटलेला नसतांच कप्तानानें विमान सोडलें, तेव्हां दुसऱ्यानें कांहीं म्हटलें नाहीं. मागें बसलेल्या इंजिनिअरानें, तें दुसरें विमान पट्टीवरून बाजूला झालेलें नाहीं काय, असा प्रश्न केला. कप्तानानें ठांसून उत्तर दिलें कीं झालें आहे. आणि इंजिनिअर गप्प बसला. कांहीं क्षणांतच दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. अपघाताचीं कारणें अनेक होतीं. धुकें होतें, विमानतळावर गर्दी होती, बिनतारी संदेश एकावर एक आदळून अस्पष्ट झाले होते. पण इतकीं कारणें जमूनहि एका क्षणीं विनाश टळण्याजोगा होता, आणि तो क्षण एका मनुष्याच्या संकोचांत बुडाला. यानंतर १९७९ सालीं अमेरिकेच्या नासा या संस्थेनें या विषयावर परिषद् भरविली, व तेव्हांपासून दुय्यमांनीं बोलावें कसें आणि कप्तानांनीं ऐकावें कसें, याचें रीतसर शिक्षण वैमानिकांना मिळूं लागलें. उड्डाण शिकवितां येतें हें जगाला ठाऊक होतें; ऐकणेंहि शिकवावें लागतें, हें ५८३ प्राणांच्या मोलानें कळलें.

येथें कोणी महाराष्ट्रीय वाचक रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव घेईल. नारायणराव पेशव्यांचा १७७३ सालीं खून झाला, तेव्हां राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणें सोडून गेले, असें परंपरा सांगते. मनुष्य खरा धैर्याचा असेल तर त्याला कसली आली आहे मानसिक सुरक्षितता? रामशास्त्र्यांविषयींचा आदर आम्हांसहि आहे. पण त्या कथेचा शेवट नीट लक्षांत घ्यावा. सत्य सांगणाऱ्याला गांव सोडावें लागलें; ज्याला तें सांगितलें तो सत्तेवर राहिला. ज्या राज्यांत खरें बोलण्यासाठीं रामशास्त्री व्हावें लागतें, त्या राज्यांत खरें फार थोडें बोललें जाणार, हें उघड आहे. कारण रामशास्त्री शतकांत एखादाच जन्मतो आणि चुका मात्र रोज होतात. वीराच्या धैर्याची थोरवी गाण्यांत कांहीं वावगें नाहीं. पण सामान्य मनुष्याला त्याच्या नित्याच्या कामांत वीर व्हावयास लावणारी व्यवस्था ही थोर नव्हे. ज्या रुग्णालयांत नवी परिचारिका 'डॉक्टरसाहेब, हें प्रमाण अधिक होत नाहीं ना?' असें सहज विचारूं शकते, तें रुग्णालय शूरांचें नसेल. पण आपलें मूल तेथेंच ठेवावें असें कोणत्याहि आईला वाटेल.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप शिस्तीचा. भीति गेली कीं शिस्त गेली, असें पुष्कळांस मनापासून वाटतें. आणि ज्यांच्या पाठीवर छडी बसली तेच पुष्कळदां छडीचे कैवारी असतात. परंतु भीति आणि जबाबदारी या एका वस्तूचीं दोन नांवें नव्हेत. भीति मनुष्याला वरिष्ठाच्या डोळ्यांकडे पाहावयास लावते. जबाबदारी त्याला कामाकडे पाहावयास लावते. साहेब पाठ फिरवितांच भीतीचें काम थांबतें. शिवाय चूक माफ करणें आणि चूक ऐकून घेणें यांतहि अंतर आहे. अमेरिकेंत १९७६ पासून वैमानिकांकडून त्यांच्या चुकांची हकीकत गुप्तपणें मागविण्याची व्यवस्था आहे. सांगणाऱ्याला बहुतेक प्रसंगीं शिक्षेपासून संरक्षण मिळतें, पण जाणूनबुजून केलेल्या अपराधाला तें मिळत नाहीं. यानें विमानविद्येंतील शिस्त ढिली झालेली नाहीं. मानसिक सुरक्षितता म्हणजे मऊ गादी नव्हे. कठीण काम कठीणच राहावें, फक्त त्यांत अपमानाची भेसळ नसावी, इतकीच मागणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक उदात्त दिसतो. सुखदुःखें समान मानावीं, निंदास्तुतीनें विचलित होऊं नये, हीच आपल्या तत्त्वज्ञानाची शिकवण; मग मन कणखर करण्याचें सोडून जगाला मऊ करण्याचा हा खटाटोप कशाला? या आक्षेपांत एक बारीक लबाडी दडलेली आहे. समत्वाचा उपदेश ज्यानें त्यानें आपल्या स्वतःला करावयाचा असतो. तप हें स्वतः करण्याची गोष्ट आहे. दुसऱ्याकडून जबरीनें करवून घेतलेल्या तपाला मराठींत छळ असें म्हणतात. आणि ज्यांना आपण आध्यात्मिक राष्ट्राचे कठोर पूर्वज म्हणून पुढें करतों, त्यांचें मतहि या बाबतींत विचारून पाहावें. पैशाच्या बदल्यांत गहाण पडलेल्या मनुष्याकडून धन्यानें प्रेत, विष्ठा किंवा उष्टें उचलावयाचें काम करवून घेतलें, तर धन्याचा पैसा बुडाला, असा कौटिल्याचा नियम आहे. येथें गहाण पडलेल्याचें हाड मोडलेलें नाहीं. मोडला आहे तो त्याचा मान. आणि त्या मोडीचें मोल पूर्ण ऋणाइतकें आहे, असें तो व्यवहारी राजनीतिज्ञ सांगतो.

तिसरा आक्षेप असा कीं, मनें सारखीं नसतात. एकाला जो शब्द फुलासारखा लागतो तोच दुसऱ्याला बाणासारखा लागतो. धन्यानें कोणाकोणाच्या नाजुकपणाचा हिशेब ठेवावा? याचा विचार जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें केलेला आहे. त्या देशांत अतिश्रमानें येणाऱ्या मृत्यूला 'करोशी' असा स्वतंत्र शब्दच रूढ आहे. एका मोठ्या जाहिरात-संस्थेंतील २४ वर्षांच्या तरुणानें महिनोन् महिने रात्रीचा दिवस केल्यावर १९९१ सालीं आत्महत्या केली. खटला वरपर्यंत गेला आणि २००० सालीं निकाल झाला. थकवा व मानसिक भार सांचून नोकराच्या शरीराची व मनाची हानि होऊं नये म्हणून दक्ष राहणें हें मालकाचें कर्तव्य आहे, असें न्यायालयानें सांगितलें. आणि तो तरुण स्वभावानेंच फार मनाला लावून घेणारा होता, या सबबीवर भरपाई कमी करण्याचें नाकारलें. निरनिराळ्या स्वभावांचीं माणसें कामावर येणारच. स्वभावांतील सामान्य फरक मालकानें गृहीतच धरला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. ठेव घेतांना ती कांचेची आहे कीं पितळेची, हें पाहूनच घ्यावयाची असते. फुटल्यावर 'ती कांचेची होती' हें उत्तर होत नाहीं. हा विषय एका देशापुरताहि नाहीं. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनीं मिळून केलेल्या अंदाजाप्रमाणें, आठवड्यास ५५ किंवा अधिक तास काम केल्यामुळें २०१६ या एका वर्षांत पक्षाघात व हृदयविकार यांनीं सुमारें ७,४५,००० माणसें दगावलीं.

मात्र धन्यावरील या कर्तव्याला मर्यादा आहे, आणि तीहि निक्षेपाच्याच नियमांत सांपडते. ठेव चोरांनीं नेली, पुरांत वाहून गेली किंवा आगींत जळाली, आणि ठेवणाऱ्यानें तींतलें कांहीं उचललेलें नसलें, तर त्याच्यावर दोष नाहीं, असें स्मृति सांगते. घरांतील शोक, प्रेमभंग, वडिलोपार्जित व्याधि यांचें उत्तरदायित्व कचेरीवर नाहीं. दुसरें असें कीं, मोहोर लावून ठेवलेली ठेव सांभाळावयाची असते, उघडून पाहावयाची नसते. हल्लीं कित्येक कंपन्या नोकरांच्या मनःस्थितीची विचारपूस यंत्राद्वारें करतात, त्यांच्या मूडची रोज नोंद मागतात. हेतु चांगला असेलहि. पण मन जपणें निराळें आणि मनांत डोकावणें निराळें. त्याचप्रमाणें कामाचे तास, वरिष्ठाची जीभ आणि अंगावर टाकलेला बोजा हे सर्व पूर्ववत् ठेवून शनिवारीं योगासनांचा वर्ग भरविणें, हें पेटींत भोंक पाडून वर रंग देण्यासारखें आहे. कॅनडा देशानें २०१३ सालीं या विषयाचें जें राष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध केलें, आणि २०२१ सालीं जें आंतरराष्ट्रीय प्रमाण निघालें, त्या दोहोंचाहि रोख नोकराच्या मनाची डागडुजी करण्यापेक्षां कामाची मांडणी तपासण्याकडे अधिक आहे, आणि तोच योग्य होय.

स्मृतींचा आधार घेतों म्हणून एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. त्याच अठरा पदांत 'वाक्पारुष्य', म्हणजे कठोर शब्दांनीं दुसऱ्यास दुखविणें, हेंहि एक पद आहे. शब्दानें इजा होते हें आमच्या शास्त्रकारांस पक्कें ठाऊक होतें. पण त्यांनीं दंड ठरविला तो बोलणाऱ्याचा व ऐकणाऱ्याचा वर्ण पाहून. खालच्यानें वरच्यास दुखविलें तर शिक्षा भयंकर, वरच्यानें खालच्यास दुखविलें तर नाममात्र. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडास मनुस्मृतीचें दहन केलें तें अशाच विषमतेचें. ती तराजू आम्ही टाकून दिली आहे असें आपण मानतों. परंतु साहेबानें कारकुनाला सर्वांदेखत 'अक्कल आहे का?' म्हणावें तो साहेबाचा तापट स्वभाव, आणि कारकुनानें त्याच स्वरांत उत्तर दिलें तर तो उद्धटपणा, हा न्याय ज्या कचेरींत चालतो, तेथें जुनीच तराजू नव्या खिळ्याला टांगलेली आहे.

आणि कचेरीचीच गोष्ट कां? ज्या मध्यम वर्गाला हा विषय आपल्या दुःखाचा म्हणून जिव्हाळ्याचा वाटतो, तोच वर्ग आपल्या घरांत धनी असतो. कामाच्या ठिकाणीं स्त्रियांचा होणारा लैंगिक छळ थांबविण्यासाठीं २०१३ सालीं आपल्या देशांत जो कायदा झाला, त्यानें कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येंत राहतें घरहि घातलें आहे. कायद्यानें ही दृष्टि एका प्रकारच्या छळापुरती दिली. आपण ती थोडी पुढें नेली पाहिजे. आपलें स्वयंपाकघर हें भांडीं घासणाऱ्या बाईंचें कामाचें ठिकाण आहे. दिवसभर वरिष्ठाचे बोल ऐकून आलेला गृहस्थ, किंवा तशीच थकून आलेली गृहिणी, संध्याकाळीं फुटलेल्या एका कपासाठीं त्या बाईंना जे शब्द ऐकविते, ते कोठून आले हें ओळखणें कठीण नाहीं. कचेरींत मोडलेली ठेव घरीं येऊन दुसऱ्याच्या ठेवीवर आदळते. पुढच्या वेळीं कप फुटतो, तेव्हां त्या बाई तुकडे कागदांत गुंडाळून कचऱ्याच्या तळाशीं दडवितात. रुग्णालयांतील स्वच्छ कागद आणि कचऱ्यांत दडविलेला कप यांचें कुळ एकच. कप गेला तर रुपयांची हानि. पण त्याच बाई उद्यां आपल्या लहान मुलाला सांभाळतांना तें पडलें तर तें सांगतील कीं दडवितील, हा विचार प्रत्येक घरानें करून पाहावा.

निक्षेपाच्या सर्व नियमांच्या मुळाशीं एक साधी गोष्ट आहे. जी वस्तु मोबदला देऊन घेतली नाहीं तिच्यावर मोबदला दिल्याचा हक्क सांगतां येत नाहीं. वेतनानें काम मिळतें. धीर, मान आणि निर्भय जीभ या गोष्टी वेतनाबरोबर येतात खऱ्या, पण त्या वेतनानें विकत मिळालेल्या नसतात. आणि दिवस संपला म्हणजे ज्याच्या त्याला परत जावयाच्या असतात. ज्याच्या हाताखालीं एकहि मनुष्य काम करतो, त्याच्यापाशीं अशी ठेव आहे. पगाराच्या तारखेस पैसे चुकते केल्यावर त्याचा एक हिशेब मिटतो. दुसरा हिशेब रोज संध्याकाळीं, घरीं परतणाऱ्या मनुष्याच्या चेहऱ्यावर, उघडा असतो.